न खुडलेली भाजी

फेब्रुवारीचे पहिले उबदार ऊन पडले, की शफीक बैरूतहून दक्षिणेतल्या आपल्या गावी येई आणि टेकडीवरच्या खुरट्या काटेरी झुडपांतून वर्षातले पहिले फुलपाखरू शोधत फिरे. या वेळी मोठी बहीण विदादही रानभाजीसाठी पिशवी घेऊन त्याच्याबरोबर निघाली होती.

पांढऱ्या पंखांना नारिंगी टोके असलेले एक फुलपाखरू पायवाट सोडून उतारावर गेले. शफीक त्याच्या मागोमाग झुडपांत शिरला.

"ताई, लवकर ये! एक नाही, थवाच आहे इथे. आणि तुझी हिंदबेची भाजी बघ कशी माजलीय, पोटरीएवढी! पिशवी पुरायची नाही तुला."

विदाद पायवाटेवरच थांबली.

"कोणीच खुडली नाही?"

"एक पान नाही. आळशी झाल्यात तुमच्या गावच्या बायका."

"कबरस्तानाच्या भिंतीतली भाजीसुद्धा सोडत नाहीत रे त्या."

शफीक हसला. विदाद हसली नाही.

"शफीक, हलू नकोस. तिथे युद्धातले सुरुंग असणार. धोक्याची पाटी पावसात वाहून गेली असेल, पण बायकांच्या लक्षात आहे. गेलास त्याच पावलांवर पाय ठेवत मागे ये."

शफीकने सावकाश मान वळवली. हिवाळी पावसाने तरारलेले गवत त्याच्या प्रत्येक पावलामागे पुन्हा ताठ उभे राहिले होते.