बंद सिलेंडरचा काटा

नौदलात पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांचे हवेचे सिलेंडर मी कॉम्प्रेसरवर भरतो. भरलेला सिलेंडर बंद करून दहा मिनिटं दाबाचा काटा बघायचा, हा आमचा नियम. बारा वर्षांत माझ्या हातचा एकही गळलेला नाही.

आज दादाच्या सिलेंडरचा काटा किंचित उतरला, थांबला, पुन्हा उतरला. कोणीतरी त्यातून श्वास घेत असावं तसा.

साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

माझा थोरला भाऊ पोशाख चढवून उघड्या खिडकीशी उभा होता. “झालं का रे? बोट खोळंबलीय.”

“दादा, काटा बघ.”

त्याने पाहिलं आणि गंमत म्हणून स्वतःचा श्वास रोखला. काटा उतरतच राहिला. मग भराभर उतरू लागला, घाबरलेल्या माणसाला धाप लागावी तसा.

दादाचं हसू मावळलं.

मी कॉम्प्रेसर बंद केला. त्या शांततेत सिलेंडरच्या आतून ठोके ऐकू आले. चार. पाण्याखालून चार ठोके म्हणजे मला वर ओढा.

चौथा जरा उशिरा आला. दादा नेहमी तसाच देतो.

“कॉम्प्रेसर लाव,” खिडकीशी उभा दादा कसाबसा म्हणाला. “माझी हवा संपत आलीय.”