एका पायाचा मोजा

दादाच्या वीर्याची डबी गारठू नये म्हणून आईने ती इवल्याशा लोकरी मोज्यात घालून लेकीच्या प्रयोगशाळेत धाडली. मोजा तिने लगेच ओळखला. वारलेल्या वहिनीने विणलेला होता तो. मूल होत नाही म्हणून आईच्या टोमण्यांनी तिचं जगणं नकोसं केलं होतं. आता नव्या वहिनीचा नंबर लागला होता. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू जिवंत दिसले, पण एकाचीही शेपटी हलेना. काच उबेला ठेवली तरी ढिम्म. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जनुकांतलाच दोष दिसतोय. असा बहुतेकदा आईवडील दोघांकडून येतो." तिने घरी फोन लावला. "आई, दोष वहिनीत नव्हता. दादात आहे, तुमच्या दोघांकडून आलेला." पलीकडून फक्त सुयांची टकटक ऐकू आली. "कोण विणतंय गं?" "तुझी नवी वहिनी," आई पुटपुटली. "पहिलीचा एकच मोजा विणून झाला होता ना, त्याची जोडी विणतेय."