विक्रीचा लाल चेंडू

“बाजारपेठेत तळमजल्यावर फक्त विक्रीची दुकानं ठेवणार म्हणतात. लेकीची दुसरीकडे सोय बघ गं,” पाळणाघराच्या मावशींनी मला बजावलं होतं. “पोरांना कोण हाकलतंय?” म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

सभेत व्यापारी संघाचे अध्यक्ष गरजले, “काचेमागे माल हवा, शेंबडी पोरं नकोत! मागच्या गल्लीत न्या त्यांना.”

“तिथे खिडकीसुद्धा नाही, काका. ऑफिसला जाता-येता काचेतून लेक दिसते, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव येतो.”

“मग काहीतरी विका आणि राहा!”

नियम झाला. दुसऱ्याच दिवशी मावशींनी काचेत एक लाल चेंडू विक्रीला ठेवला. आता रोज सकाळी मूल सोडताना आम्ही आया रांगेत उभ्या राहून तो विकत घेतो आणि तिथल्या तिथे परत करतो. तपासायला आलेला माणूस हसू दाबत निघून गेला.

काल रांगेत नातवाला कडेवर घेऊन अध्यक्षच उभे! “सुनेला नोकरी लागली. बघतेस काय अशी? चेंडू दे इकडे,” ते माझ्यावर खेकसले.

आम्ही काही हलणार नाही. तुम्हीही तुमच्या बाजारातल्या पाळणाघराच्या मावशींना कुणी उठवत नाही ना, आज जाता-जाता तेवढं विचारून या.