झिपऱ्याचे केस

काबूलकडच्या घोडेवाल्यांकडून सगुणेच्या यजमानांनी एक लांब केसांचा शिकारी कुत्रा आणला. कसबा पेठेतली पोरं त्याला झिपऱ्या म्हणू लागली आणि तेच नाव पडलं. उत्तरेच्या मोहिमेवर निघताना यजमान तिला म्हणाले, "याला विंचरायला एक दिवसही चुकू नकोस. गुंता झाला, की केस मुळापासून कापावे लागतात."

"माझ्या केसांची कधी केलीत एवढी काळजी?" ती हसली.

तेव्हापासून रोज सकाळी ती परसात बसे. आधी झिपऱ्याचे रेशीम सोडवी, मग आपली वेणी घाली. फणी चाले केसांतून, आणि दोघांचेही डोळे वाटेवर.

त्या वाटेने एक दिवस सांडणीस्वार आला, तो यजमान लढाईत पडल्याची बातमी घेऊन.

दहाव्या दिवशी परसात न्हावी येऊन बसला. सगुणेने मान खाली घातली. वेणी मातीत पडली. झिपऱ्या जवळ येऊन ती वेणी हुंगत राहिला.

न्हावी वस्तरा पुसू लागला, तशा सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आलाच आहेस, तर त्या कुत्र्याचेही उतरव रे बाबा. आता त्याला विंचरत कोण बसणार?"

सगुणेने झिपऱ्याला कुशीत ओढलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"त्याचे कशाला, सासूबाई? त्याचं कुठे लग्न लागलं होतं त्यांच्याशी?"