मनगटावरचा पट्टा

मॅडमनी शलाकाच्या मनगटावर पट्टा आवळला. "काही बोलायचं नाही. नुसतं शिक्षकांचं नाव ऐकायचं. तुझं समाधान किती, ते पट्टा मोजतो."

कोण कसं शिकवतं, हे एम.एस्सी.च्या मुलांना तोंडी विचारणं विद्यापीठानं केव्हाच सोडलं होतं. तोंड खोटं बोलतं, नाडी बोलत नाही.

"इंगवले सर."

हिरवा दिवा लागला. इंगवल्यांच्या तासाला अख्खा वर्ग पेंगायचा. नुसत्या नावानंही शलाकाची नाडी संथ झाली.

आता लोखंडे सर. एखादं गणित डोक्यात शिरलं नाही, तर कॅन्टीनमध्ये चहा पाजून पुन्हा समजावणारे. लाल दिवे जास्त झाले की सरांना घरी बसवून वर्गात शिकवणारं यंत्र आणणार, हे सकाळपासून सगळ्यांना ठाऊक होतं. शांत राहा, शलाकानं स्वतःला बजावलं, आणि तिच्या छातीत आणखीच धडधडायला लागलं.

"लोखंडे सर."

दिवा लाल झाला.

"नाही हो मॅडम! मला खूप आवडतात सर. भीती वाटली म्हणून..."

"सगळे हेच सांगतायत," पट्टा सोडवत मॅडम हळहळल्या. "सकाळपासून एकेक पोर रडतच बाहेर जातंय. इतकं वाईट शिकवतो का गं हा माणूस?"