खांद्याला बसणारी बंदूक

शाळेच्या नेमबाजी संघात माझं नाव लागलं, तसे बाबा मला डेलकाकांच्या दुकानात घेऊन गेले. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला स्वस्तातली बंदूक हवी होती. डेलकाकांनी एक साधी एकनळी हातात दिली. "डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड." उघडले, तर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी अगदी नजरेच्या रेषेत. जणू माझंच माप घेऊन घडवलेली.

पण संघातल्या सगळ्या मुलींकडे नक्षीच्या दुनळ्या होत्या.

"नाही बसत," मी म्हणाले.

डेलकाकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एकनळी परत जागेवर ठेवली.

बाबा घरी जाऊन आजोबांची बंदूक घेऊन आले. दर शरदात बदकांच्या शिकारीला, पहाटेच्या धुक्यात तळ्याकाठी बाबांच्या खांद्याशी असायची ती. "ही ठेव डेल, बदल्यात पोरीला दुनळी दे."

"अरे आर्विड, मग बदकं काय शिट्टी वाजवून पाडणार?"

"मिनेसोटाभरच्या बदकांना सांग, यंदा सुट्टी!" बाबा हसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बरं झालं खरं बोललीस, बाळा. माझ्या खिशाकडे बघून 'बसली' म्हणाली असतीस, तर मला कळलंही नसतं."