कौसल्येचा काळा चष्मा

"डोळे मिटूनच ठेवा, आत्याबाई," म्हणत कौसल्येने सासूच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. मिटल्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि मागे नाडी बांधली. हंसाबाई जागची हलली नाही. नवरा, बाबाराव, दारात उभा होता. घडीत मायकडे पाही, घडीत बायकोकडे.

ऑपरेशनचा हट्ट कौसल्येचाच. मोतीबिंदूने म्हातारीला काही म्हणता काही दिसत नव्हतं. यवतमाळला डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा अख्खं घर नको म्हणत होतं.

"डोळा फुटला तं?" बाबाराव म्हणाला होता.

"तं जन्मभर मी हाताले धरून फिरवीन," ती बोलून गेली. बोलायला काय जातं! पण निघताना हंसाबाईने एवढंच म्हटलं, "तुह्या भरोशावर चालली बापा." तेव्हापासून कौसल्येला घास गोड लागला नव्हता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टी सुटली की डोळ्याला ऊन लागू द्यायचं नाही, काळा चष्मा पाहिजेच. आणि शिबिरातले चष्मे तर पुढच्या लोकांतच संपून गेले. घाटंजीच्या बाजारातही मिळेना. मग काय, कौसल्या घरीच करायला बसली.

फुटक्या आरशाचा पारा तिने खरवडून काढला. काचा चिमणीवर धरून काळ्या केल्या. पहिल्या चष्म्याची काजळी नाकागालांना लागली आणि बाबाराव पोट धरून हसला. तिने त्याचं हसणं मनावर घेतलं नाही. पुढच्या खेपेला काजळी दोन काचांच्या मध्ये कोंडली आणि कडेने चिंधी चिकटवली. बांबूच्या कमचीची चौकट केली. बाजूने उजेड शिरू नये म्हणून कापडाच्या झापडी शिवल्या. ग्रहणात धरतात तशी काच सूर्यापुढे धरायची; डोळा दिपला की पुन्हा चिमणीवर. शेवटी भर दुपारचा सूर्य पिकल्या लिंबासारखा शांत दिसला. बाबारावनेही काच धरून पाहिली.

"सूर्य थंडा करून टाकला तुनं," तो म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून कौतुक, तेही मायसमोर! कौसल्या खूश झाली होती. आता तोच चष्मा सासूच्या डोळ्यांवर होता.

"उघडा आता, आत्याबाई."

हंसाबाईने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. हात पुढे करून चाचपडलं.

"काईच दिसत नाही वं," ती म्हणाली. "सारा अंधार हाय."

बाबाराव मटकन उंबऱ्यावर बसला. म्हातारीने आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या, तर एक वेळ परवडलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "जाऊ दे पोरी, माह्या नशिबातच नसंन." ते मात्र कौसल्येला सोसवेना.

तिने नाडी सोडली, चष्मा काढून घेतला. एवढ्या मेहनतीचं ते ध्यान! सूर्यापुढे तर चांगलं चाललं होतं. मग कुठे चुकलं? तिने तो तसाच स्वतःच्या डोळ्यांवर लावला.

घर गेलं, दार गेलं, दारातलं ऊन गेलं, बाबारावही गेला.

"अवं माय," ती पुटपुटली. "मलेबी काईच दिसत नाही."

आणि त्या काळोखात तिला सासूचा आवाज ऐकू आला. जुना, खणखणीत, घर दणाणून सोडणारा.

"कौसल्या, हे लालभडक लुगडं कवा घेतलं वं? मले काहून नाही सांगतलं?"